हाडात गाठ आहे, पण कॅन्सर नाही: मग मुलाचं ऑपरेशन करायचं की थांबायचं?

आठ वर्षांचा मुलगा सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना पडतो. पडणं साधंच, रोजचं. पण दंड मोडतो. एक्स-रे काढल्यावर हाडाचे डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात आणि म्हणतात, "फ्रॅक्चर आहेच, पण हाड इथे आधीपासून पोकळ होतं. आत एक गाठ दिसतेय." त्यानंतरची वाक्यं आईवडिलांच्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत. रात्री मोबाइलवर रिपोर्टमधला शब्द टाकून शोधलं जातं आणि चार ओळींत कॅन्सर समोर येतो.

या घाबरण्यात चुकीचं काही नाही. 'हाड' आणि 'गाठ' हे दोन शब्द एकत्र आले की कुणाचाही जीव खालीवर होतो. पण मुलांच्या हाडात सापडणाऱ्या गाठींपैकी फार मोठा वाटा कॅन्सर नसलेल्या गाठींचा असतो. त्यांच्याबद्दलचा खरा अवघड प्रश्न 'काढता येईल का' हा नसतो. बहुतेक गाठी काढता येतात. अवघड असतं ते 'काढावी का, आणि कधी' हे ठरवणं. आईवडिलांना नीट समजावून सांगितला जात नाही तो नेमका हाच भाग.

'साधी गाठ' म्हणजे नेमकं काय

डॉक्टर जिला बिनाइन म्हणतात तिला आपण साधी गाठ म्हणू. ती जिथे आहे तिथेच वाढते, रक्तावाटे फुप्फुसात किंवा दुसऱ्या हाडात जाऊन बसत नाही. याला अगदी विरळ अपवाद आहेत, पण नियम हाच. कॅन्सरची गाठ मात्र शेजारचं तोडत पुढे जाते आणि दूरवर पसरते.

साधी म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र नाही. वाळवी घराबाहेर गेली नाही तरी आतलं लाकूड पोखरतेच. साधी गाठही हाड इतकं पातळ करू शकते की चेंडू फेकतानाच्या झटक्याने ते मोडावं. उलट काही गाठी आयुष्यभर गप्प बसतात. 'साधी' हे एकच विशेषण इतक्या वेगवेगळ्या स्वभावांच्या गाठींना लावलं जातं, म्हणून शेजारच्या मुलीला जो सल्ला मिळाला तो तुमच्या मुलाला मिळत नाही. त्यात डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतात असं नाही.

मुलाचं हाड म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडाची छोटी आवृत्ती नव्हे

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबू.

हाड सगळीकडून सारखं वाढत नाही. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, ग्रोथ प्लेट. हाडाची लांबी वाढते ती तिथूनच. रोपाचा शेंडा असतो तसा. खोडाला जखम झाली तर झाड ती भरून काढतं, पण शेंडा खुडला की उंची तिथेच थांबते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी खांद्याजवळच्या ग्रोथ प्लेटमधून येते. सहा वर्षांच्या मुलात तिला इजा झाली तर हात आखूड राहू शकतो. इजा एकाच बाजूला झाली तर हाड वाकडं वाढतं. मुलींमध्ये साधारण चौदाव्या आणि मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास या प्लेट बंद होतात. तोपर्यंत सर्जनच्या हातातलं प्रत्येक हत्यार या शेंड्यापासून किती अंतरावर आहे, हाच मुख्य हिशोब असतो.

आणि गाठींना आवडते तीही नेमकी हीच जागा. आपल्या उदाहरणातल्या मुलाला बहुधा असते ती साधी सिस्ट, म्हणजे हाडातली पाण्याने भरलेली पोकळी. ती सर्वांत जास्त सापडते दंडाच्या वरच्या टोकाला, त्या खालोखाल मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला. मुलांमध्ये तिचं प्रमाण मुलींपेक्षा साधारण दुप्पट असतं.

झाडाच्या खोडावर कुणी नाव कोरलं तर झाड कितीही उंच झालं तरी नाव तिथेच राहतं आणि शेंडा वर निघून जातो. सिस्टचंही तसंच होतं. लहान वयात ती ग्रोथ प्लेटला चिकटून असते. वर्षं जातात तशी प्लेट पुढे सरकते, मध्ये निरोगी हाड तयार होतं आणि सिस्ट मागे पडते. डॉक्टर जेव्हा म्हणतात, "सहा महिन्यांनी या, पुन्हा एक्स-रे काढू," तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. ते या अंतराची वाट बघत असतात. त्या वेळात प्लास्टरही नाही आणि औषधही नाही, म्हणून उपचारच चालू नाहीत असं घरच्यांना वाटतं. माझ्या मते ही सल्लामसलतीतली सगळ्यात मोठी उणीव आहे: थांबण्याचं कारण कुणी सांगत नाही.

बऱ्याच गाठींना हात लावायचाच नसतो

गेल्या शतकाच्या पहिल्या अर्धात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात वाढीचा अभ्यास करण्यासाठी निरोगी मुलांचे वर्षानुवर्षं नियमित एक्स-रे काढले गेले. क्ष-किरणांच्या धोक्याची आजच्यासारखी जाण असती तर कुणी तसं केलं नसतं. पण त्या जुन्या फिल्म जपून ठेवलेल्या होत्या आणि अलीकडे संशोधकांनी त्या पुन्हा तपासल्या. काहीही दुखत नसलेल्या त्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाच्या हातापायाच्या हाडात कुठली ना कुठली साधी गाठ सापडली. त्यातल्या कित्येक पुढच्या फिल्ममध्ये पुसट होत गेल्या.

अशा पुसट होणाऱ्यांत पहिला मान नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाचा. हाडाच्या कडेला, बहुतेकदा गुडघ्याजवळ, तंतुमय पेशींचा एक डाग. गुडघ्याला लागलं म्हणून एक्स-रे काढला आणि हा दिसला, असंच बहुतेकदा घडतं. अनुभवी डॉक्टर तो बघूनच ओळखतात, बायोप्सीही, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणंही, लागत नाही. वाढ पूर्ण होता होता तो हाडाने भरून येतो. डाग हाडाच्या निम्म्याहून अधिक रुंदीचा असेल तर मोडण्याची भीती म्हणून विचार करावा लागतो, एरवी नाही.

दुसरी नेहमीची गाठ ऑस्टिओकॉन्ड्रोमा. हाडालाच फुटलेला धुमारा, टोकावर कूर्चेची टोपी. मूल वाढतं तोवर तीही वाढते, मूल थांबलं की थांबते. दुखत नसेल, नसेवर किंवा रक्तवाहिनीवर दाबत नसेल तर ती आयुष्यभर राहिली तरी चालतं. एकुलती गाठ असेल तर पुढे कॅन्सर होण्याची शक्यता साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. आनुवंशिक आजारामुळे अंगभर अशा गाठी असतील तर शक्यता काहीशी जास्त असते आणि लक्षही आयुष्यभर ठेवावं लागतं. वाढ संपल्यानंतर गाठ पुन्हा वाढू लागली किंवा नव्याने दुखू लागली, तर मात्र एक दिवसही न थांबता दाखवावं.

मग ऑपरेशन कधी?

एकच सिस्ट, दोन जागा, असं बघा.

दंडात सिस्ट आहे आणि हाड मोडलंय. मुलांमधला हा फ्रॅक्चर जवळजवळ नेहमी झोळीत किंवा साध्या प्लास्टरमध्ये काही आठवड्यांत जुळतो. हातावर शरीराचा भार नसतो. म्हणून आधी हाड जुळू द्यायचं, मग सिस्टकडे बघायचं. फ्रॅक्चरनंतर सिस्ट आपोआप भरली, असं थोड्याच मुलांत होतं, पण घाई करण्याचं कारणही नसतं.

तीच सिस्ट मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्यापाशी असेल तर गणित उलटतं. तिथे मूल टाकत असलेल्या प्रत्येक पावलाचा भार पडतो. तिथलं हाड मोडलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो गोळाच झिजून मरू शकतो. त्यामुळे इथे मोडण्याची वाट न पाहता आधीच ऑपरेशन करून आधार दिला जातो. रिपोर्टवर नाव एकच, गाठ तितकीच साधी, तरी एका मुलाला "खेळू द्या, पण जपून" आणि दुसऱ्याला "उद्यापासून पाय टेकायचा नाही."

बाकीची कारणं अशी: न थांबणारं दुखणं, वाढत जाणारी गाठ, नसेवरचा दाब, वाकत चाललेलं हाड. अनेक ऑस्टिओकॉन्ड्रोमा असलेल्या मुलांत कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक आखूड राहतं आणि दुसरं धनुष्यासारखं वाकतं, तेव्हा थांबण्यात नुकसान असतं. आणि एक कारण सगळ्यांत वरचं: एक्स-रे आणि एमआरआय बघूनही ही गाठ नक्की साधीच आहे, अशी खात्री नसणं.

ऑपरेशनमध्ये करतात काय?

*खरवडणं.* डॉक्टरांच्या भाषेत क्युरेटाज. नारळ खवताना खोबरं करवंटीपर्यंत निघालं पाहिजे, पण करवंटी फुटता कामा नये. अगदी तसंच. हाडाला एक खिडकी पाडतात, आतली गाठ चमच्यासारख्या धारदार हत्याराने खरवडतात, मग दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं वेगाने फिरणारं ड्रिल भिंतींवरून फिरवतात. खिडकी पुरेशी मोठी हवी, नाहीतर कोपऱ्यातली गाठ दिसत नाही आणि मागे राहते. छोट्या छेदाचं आकर्षण आपल्या सगळ्यांना असतं, पण जिथे गाठ हट्टी आहे तिथे तीन सेंटिमीटर जास्तीचा व्रण हा फार स्वस्त सौदा आहे.

मग उरतो खड्डा. तो भरायला मुलाच्याच कंबरेच्या हाडातला चुरा सर्वांत चांगला, पण लहान मुलाकडे तो असतो किती? म्हणून दात्याचं, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक अशी हाडं तयार करते. नाहीतर कॅल्शियमचे कृत्रिम दाणे घालतात. हे भरण म्हणजे कायमचं सिमेंट नव्हे. मुलाचं हाड त्याचा मांडवासारखा आधार घेतं, त्यावर चढतं आणि हळूहळू त्याची जागा घेतं. लहान पोकळ्या तर काही सर्जन रिकाम्याच सोडतात, मुलाचं हाड त्या स्वतःच भरतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे धाडस कमी जण करतील.

*सुईचे उपाय.* साध्या सिस्टमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याची पद्धत १९७० च्या दशकात इटलीतले सर्जन स्काग्लिएत्ती यांनी रूढ केली. एका इंजेक्शनात भागेलच असं नाही, काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा द्यावं लागतं. कुठे अस्थिमज्जा टोचतात, तर कुठे टायटॅनियमच्या लवचिक सळ्या घालतात. त्या हाडाला टेकू देतात आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाटही ठेवतात.

अॅन्युरिझमल बोन सिस्ट ही नावासारखीच दांडगट. मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, त्यात मधाऐवजी रक्त, आणि वाढ वेगाने. हिला खरवडायला गेलं की रक्तस्राव होतो, शिवाय परत येण्याची खोडही मोठी. इथे भारतातलं एक काम आवर्जून सांगावंसं वाटतं. पायांवरच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरलं जाणारं पॉलिडोकॅनॉल हे औषध दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी सुईने या सिस्टमध्ये सोडलं आणि २००६ मध्ये ७२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. बहुतेकांना कापाकापीशिवाय बरं वाटलं. ज्या कुटुंबाला मोठ्या ऑपरेशनचा खर्च आणि महिनाभराचा मुक्काम झेपत नाही, त्याच्यासाठी या सुईचं मोल वेगळं सांगायला नको.

*कापून काढणं.* ऑस्टिओकॉन्ड्रोमा मुळाशी, सपाट कापतात. कूर्चेची टोपी अखंड निघाली पाहिजे, तिचा तुकडा राहिला तर धुमारा पुन्हा फुटतो. गाठ ग्रोथ प्लेटला लागून असेल तर ती दूर सरकेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

*जाळणं.* ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही जेमतेम वाटाण्याएवढी गाठ, पण रात्र रात्र रडवणारी. पायात काटा रुतून बसला की भोवतीची कातडी घट्ट होते, तसं हिच्या भोवतीचं हाड जाड होत जातं. ती प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडते, म्हणून साध्या वेदनाशामक गोळीनेही दुखणं आश्चर्य वाटावं इतकं थांबतं. (ही परीक्षा घरी अॅस्पिरिन देऊन करू नका. मुलांना ते डॉक्टरांशिवाय द्यायचं औषध नाही.) पूर्वी हिच्यासाठी हाडाचा मोठा तुकडा काढावा लागे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये नवा मार्ग निघाला: सीटी स्कॅनमध्ये बघत सुई थेट गाठीत न्यायची आणि रेडिओलहरींनी सुईचं टोक सुमारे ९० अंशांपर्यंत काही मिनिटं तापवायचं. दहातल्या नऊहून अधिक रुग्णांना आराम पडतो. महिनोन्‌महिने "नाटक करतोय", "शाळा नको म्हणून पाय दुखतो" असं ऐकून घेतलेलं मूल दोन-चार दिवसांत शांत झोपू लागतं. अशा मुलाच्या दुखण्यावर विश्वास ठेवणं हा उपचाराचा पहिला भाग आहे.

"एकदाच काय ते मुळासकट काढून टाका ना!"

आईवडील हे म्हणतात तेव्हा त्यामागची तळमळ समजते. पुन्हा भूल नको, पुन्हा दवाखाना नको. पण मुळासकट म्हणजे हाडाचा तो भागच, आणि त्यासोबत कदाचित ग्रोथ प्लेट. कॅन्सर असेल तर सर्जन हे करतो, कारण तिथे जीव वाचवायचा असतो. साध्या गाठीत तसं केलं तर एका न मारणाऱ्या आजारासाठी मुलाला आयुष्यभराचा आखूड पाय दिल्यासारखं होईल. म्हणून सर्जन जाणूनबुजून थोडी जोखीम पत्करतो: खरवडू, प्लेटला धक्का लावणार नाही, गाठ परत आली तर पुन्हा खरवडू. कॉन्ड्रोब्लास्टोमा ही गाठ तर ग्रोथ प्लेटच्या पलीकडे, सांध्याला टेकून बसते. तिथे पोहोचायचं तर कुठल्या बाजूने जायचं हाच मोठा पेच असतो.

गाठ परत आली म्हणजे डॉक्टर चुकले, असंही नाही आणि कॅन्सर झाला असंही नाही. वय जितकं लहान तितकी हाडाच्या आतली घडामोड जास्त, म्हणून परत येण्याची शक्यताही जास्त. हे ऑपरेशनच्या आधी स्पष्ट शब्दांत सांगितलेलं असेल तर नंतरचा धक्का निम्मा होतो.

"तुकडा काढला की गाठ पसरते, असं म्हणतात"

या समजुतीत सत्याचा एक कण आहे, म्हणून ती फक्त हसण्यावारी नेऊ नये. बायोप्सीने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. पण गाठ जर कॅन्सरचीच असेल आणि सुई किंवा चीर चुकीच्या वाटेने गेली, तर त्या वाटेवर पेशी सांडू शकतात आणि पुढच्या ऑपरेशनमध्ये तेवढा भागही काढावा लागतो. बोस्टनचे सर्जन हेन्री मॅन्किन यांनी १९८२ मध्ये अशा चुकांचा लेखाजोखा मांडला आणि १९९६ मध्ये पुन्हा मांडला. चुका कमी झालेल्या नव्हत्या. त्यांचा आग्रह एकच होता: शंका असलेली गाठ पुढे ज्या केंद्रात ऑपरेशन होणार तिथेच तपासावी. चीर लावण्याआधी रुग्ण पाठवावा, लावल्यावर नव्हे. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी "मी हात लावत नाही, तुम्ही मोठ्या केंद्रात जा" असं सांगितलं तर त्यांच्या या सचोटीबद्दल आभार मानावेत.

आणि मालिश? हाडवैद्याकडे नेऊन गाठ चोळणं, पट्टे घट्ट बांधणं, डाग देणं हे नको. पातळ झालेलं हाड चोळण्याने मोडतं, आणि गाठ साधी नसेल तर हाताशी असलेले मोलाचे आठवडे जातात.

कुठल्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही

झोपेतून उठवणारं दुखणं, आठवड्या-आठवड्याला वाढणारी सूज, गाठीवरची गरम आणि ताणलेली कातडी, ताप, वजन उतरणं, विनाकारण लंगडणं. यातलं काही असेल तर एक्स-रे त्याच आठवड्यात. लंगडणारं मूल बऱ्याचदा गुडघा दाखवतं आणि गाठ खुब्यात असते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांधे तपासायला सांगा.

ऑपरेशन ठरलं तर विचारण्यासारखे प्रश्न थोडेच आहेत. गाठीचं नाव काय आणि त्याबद्दल खात्री किती? ग्रोथ प्लेटपासून अंतर किती? आत्ता न केल्यास सहा महिन्यांत काय बिघडेल? परत आली तर पुढचं पाऊल काय? खर्चाची चिंता असेल तर सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथेच कळतं.

नंतर मुलाने किती दिवस पळायचं नाही, ते हाडावर अवलंबून. हाताला काही आठवडे, मांडीला काही महिने. पण तपासण्या मात्र वाढ संपेपर्यंत. आणि प्रत्येक वेळी जुन्या फिल्म सोबत न्या. गाठ वाढतेय की मागे पडतेय हे एका फिल्ममधून कधीच कळत नाही, दोन शेजारी ठेवल्यावरच दिसतं. त्या पाकिटावर तारीख आणि मुलाची त्या दिवशीची उंची पेनने लिहून ठेवा, आणि दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीत जाऊ देऊ नका.